बाबांच्या फोटोला हार

भाईंदर पश्चिम
सोमवार, १७ नोव्हेंबर

चि. इशिता,

आशीर्वाद. आज ते लिहायचे नाहीत असं ठरवून बसले होते, पण पेन आपोआप तिथेच जातं.

फोन करत नाही, कारण चार वर्षांपूर्वी तू घर सोडलंस त्या दिवशी तुझ्या बाबांनी मला देवापुढे उभं करून वदवून घेतलं होतं की इशिताशी फोनवर बोलणार नाही. मी बोललेही नाही. पत्राचं काही बोलणं झालं नव्हतं. पत्ता तुझ्या चुलतबहिणीकडून, साक्षीकडून घेतला.

काल तुझा सिनेमा बघितला. बाबांना ‘हंसाबेनबरोबर बाजारात जाते’ म्हणून सांगितलं. रविवारी तिकीट महाग असतं हे मला खिडकीवर गेल्यावर कळलं. मोबाइलवर काढलं असतं तर स्वस्त पडलं असतं, हे आपल्या शेजारीण हंसाबेनला आत जाऊन बसल्यावर आठवलं. हा खर्च मी वहीत देवधर्माखाली टाकलाय. करमणुकीचं खातं मी कधी काढलंच नव्हतं, आणि आता एकासाठी कशाला काढू?

आधी चांगलं ते सांगते. तू धावतेस छान. मारामारीत खोटेपणा वाटत नाही. हिंदी बोलतेस ती आपल्या भाईंदरची वाटत नाही, म्हणजे कष्ट घेतलेस. ज्यानं तुझ्या सिनेमातल्या बापाला दगा देऊन मारलं तो म्हातारा साहेब, त्याचं काम तर फारच चांगलं. तो चहा बशीत ओतून पितो. त्यामुळे त्याच्यावर राग धरायला मला बराच वेळ लागला. तुम्ही दोघं समोरासमोर बसता, तुला ठाऊक की हाच बापाचा खुनी, त्याला ठाऊक नाही की तू कोण, आणि तो तुला बिस्किट देतो. तिथं मी पदर तोंडात धरला होता.

पण बाई, तू हेर ना? मग परक्या देशात फाइल चोरायला जाताना केस मोकळे कशाला सोडायचे? अख्ख्या इमारतीत तेवढे लांब केस तुझेच. मी चौकीदार असते तर दारातच धरलं असतं.

असो. मध्यंतरानंतर तू अंधाऱ्या खोलीत येतेस, दिवा लावतेस, आणि भिंतीवर तुझ्या मेलेल्या बापाचा फोटो. हंसाबेननं माझं मनगट दाबलं. “भाभी, ये तो अपने भाईसाब!”

चौक गावच्या जेटीवर काढलेला फोटो. वाऱ्यानं केस उडालेत. निळ्या चौकड्यांचा शर्ट, जो मी अजून धुते. आणि त्याच्यावर हार. गुलाबाचा, जाडजूड, मधे जरीचा गोंडा. खाली उदबत्ती.

मी उठलेच. मागचे ओरडले, “आंटी, बैठो!” मी हंसाबेनला ओढत बाहेर आणलं. पुढचा सिनेमा मी बघितला नाही आणि बघायचाही नाही.

इशिता, मी सवाष्ण बाई आहे. माझा नवरा आत्ता आत पेपर वाचतोय आणि खाकरतोय. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत हे शेंबड्या पोराला कळतं, तुला कळलं नाही? आणि तेही नेमकं आत्ता, जेव्हा डॉक्टर म्हणाले आहेत की यांना जरासुद्धा... जाऊ दे. ते तुला सांगायचं नाही असं ठरलंय.

एवढंच कळव, की तो फोटो सिनेमातून काढता येतो का. कापणारा माणूस कुठे बसतो ते सांग. मी येईन.

तुझी
आई


भाईंदर पश्चिम
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

इशिता,

आशीर्वाद आहेतच, ते काही कमी होत नाहीत. पण आज डोकं फिरलंय.

तुझ्या सिनेमानं आपल्या घरात काय केलं ते ऐक. साक्षीनं थिएटरात बसून पडद्याचा फोटो काढला आणि घराण्याच्या ग्रुपवर टाकला. तुझं कौतुक म्हणून. पण लिहिलं काहीच नाही, नुसते दोन जोडलेले हात टाकले. पडद्यावर तेव्हा तू नव्हतीसच. होता फक्त बाबांचा फोटो, हार आणि उदबत्ती. तिला वाटलं लोकांना कळेल. लोकांना जे कळायचं ते कळलं. पहिली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पुण्याहून आली. मग काय, एकाचं बघून दुसरा. बाबा त्या ग्रुपमध्ये नाहीत, तुझ्या नावावरून भांडण झालं तेव्हाच बाहेर पडले. मी मोबाइल संध्याकाळी बघते, तोही दोन दिवस बघितला नव्हता.

काल सकाळी बेल वाजली. मी देवपूजेत होते, हे उठले. दारात गावचे धर्माजी भावोजी. डोक्याला पांढरी टोपी, हातात पिशवी, दाढी वाढलेली.

“धर्मा? असा अचानक?”

भावोजींनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, “दत्ता, तू?”

“मग कोण पाहिजे होता?”

भावोजी दारातच खाली बसले. पाणी दिलं. भाऊबंदच ना ते, त्यांनी तुझ्या बाबांचं सुतक धरलं होतं. गावाला घरचे देव पारोसे होते, दिवा नाही, फूल नाही. पाणी पिऊन झाल्यावर मलाच म्हणतात, “वहिनी, निदान तुम्ही तरी कळवायचं.” काय कळवायचं? मेले नाहीत म्हणून? हे हसायला लागले. मग हसता हसता छातीवर हात ठेवून खाली बसले, आणि माझं सगळं अवसान गेलं.

आता लपवण्यात अर्थ नाही. बाबांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. बायपास करायची आहे. मीरा रोडच्या हॉस्पिटलात ४ डिसेंबर ठरलाय, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. डॉक्टर म्हणतात याहून पुढे ढकलू नका.

मी ढकलणार आहे. स्पष्ट सांगते. ज्या माणसाचा हार घातलेला फोटो गावोगावच्या थिएटरात लागलाय, त्याला मी छाती उघडायला आत पाठवणार नाही. काल खाली भाजी घ्यायला गेले तर डोंगरीची सरूबाई पाटीवरून हात काढून विचारते, “बाय, तुजा मानूस हाय ना गो घरान?” भाजीवालीपर्यंत गेलं! गुरुजींना विचारलं, काही शांत करायची का. ते म्हणाले, “वहिनी, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं असं आपल्यात मानतात.” म्हटलं, एकदा उठली तर वाढेल हो, पण इथे दिवसाला चार खेळ आहेत. सिनेमावर शास्त्रात काही नाही म्हणाले.

भावोजींनी बाबांना सगळं सांगितलं, सांगणारच. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते फक्त म्हणाले, “कुठला फोटो?”

मी म्हटलं, चौकच्या जेटीवरचा. ते उठले, कपाटावरून अल्बम काढला. ते पान रिकामं आहे. नुसत्या डिंकाच्या खुणा. बराच वेळ त्या खुणांवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, “म्हणजे जाताना घेऊन गेली होती.” आणि अल्बम जागेवर ठेवला.

त्यांचं त्यांच्यापाशी. मला माझं विचारायचंय. तू बँकेतली कायमची नोकरी सोडून निघालीस तेव्हा हे दारात उभं राहून म्हणाले होते, आजपासून तुझा बाप मेला असं समज. रागात बोलले. माणूस रागात बोलतो. तू तसंच समजलीस का? सिनेमात तू बापाच्या खुनाचा सूड घेतेस, टाळ्या घेतेस. आणि हा हार घालून कुणावर सूड घेतलास?

उत्तर दे. गप्प बसायचं हे तू बाबांकडून घेतलंस, मला ते चालत नाही.

आई


भाईंदर पश्चिम
मंगळवार, २५ नोव्हेंबर

इशिता,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. पोस्टमन रोज समोरच्या विंगमध्ये जातो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो.

आज तुझे बाबा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात जिवंत असल्याचं दाखवून यावं लागतं, तुला आठवत असेल. मी म्हटलं सोबत येते. “मी काय कुक्कुलं बाळ आहे?” रिक्षानं जा म्हटलं, तर हो म्हणाले. अकराला गेलेला माणूस तीन वाजले तरी नाही. फोन बंद. मी गणपतीला बोलून मोकळी झाले, नको नको ते बोलले.

साडेतीनला आले. चेहरा लाल. “दाखला झाला?” “झाला.” “मग एवढा वेळ?” तर म्हणे, “सिनेमाला गेलो होतो.”

म्हणजे बँकेत जिवंत असल्याचं दाखवलं आणि तिथून निघून स्वतःच्या फोटोला घातलेला हार बघून आले. मी काय करू या माणसाचं? जिना चढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. वर परत मलाच सांगतात, सरकता जिना होता.

जेवायला वाढलं. आमटी ओतून घेत म्हणाले, “त्या काळ्या कोटाला खिसेच नाहीत. मग पिस्तूल आलं कुठून?” मी पोळी वाढली. मग म्हणाले, “तो म्हातारा चांगला आहे. पण ही त्याच्यापुढे कमी पडत नाही.” चार वर्षांत तुझा विषय त्यांनी काढला तो हा असा, आमटीवर.

मी म्हटलं, “आणि तो हार? तो चांगला होता का?”

“तू पुढचं बघितलंस?”

“मी उठून आले.”

“मग तुला काय माहीत? तिनं तो ओरबाडून काढला. दोरा तुटला, फुलं खाली पडली. लोक शिट्ट्या मारत होते.”

म्हटलं, “असणारच. सूड घ्यायची शपथ घेते ना ती तिथं. तमाशा सगळा.”

तर हे पोळीचा तुकडा हातात धरून थांबले. “शपथ नंतर घेते. आधी बघ तू तिच्याकडे. पाल बघितली की लहानपणी खांदे कसे कानापर्यंत जायचे तिचे, तोंड उघडं आणि आवाज नाही. तसंच केलंय. मग धावत गेली आणि हार तोडला. ते काम नाही करत आहे ती. घाबरली आहे.”

“अहो, सिनेमा आहे तो. पैसे घेऊन करतात.”

“ते सगळं करते ती पैसे घेऊन. हे नाही केलेलं.”

आणि तुझ्या बाबांनी दही मागितलं. विषय संपला त्यांच्यापुरता. माझा नाही संपला. ते ऑपरेशनला तयार आहेत, पिशवीत टॉवेल आणि पंचा भरून ठेवलाय. तयार मी नाही. डॉक्टरांना सांगून आले की घरच्यांची संमती लागते ना, ती मी देत नाही. ते म्हणाले, “काकू, प्रत्येक दिवस महत्त्वाचा आहे.” मला कळत नाही का? रोज रात्री मी यांचा श्वास ऐकत पडते.

एकच मार्ग दिसतोय. हार मेलेल्याला घालतात, ओवाळतात जिवंताला. ज्या पोरीच्या सिनेमात हार पडला तिनंच घरी यावं आणि बापाला ओवाळावं. गुरुजींना विचारलेलं नाही. शास्त्र माझं आहे. बुधवारी, ३ डिसेंबरला संध्याकाळी ये. नाही आलीस तर गुरुवारी मी यांना घराबाहेर पडू देणार नाही, आणि पुढे जे होईल ते माझ्या डोक्यावर.

तिथल्या तुझ्या माणसांना कामाचं काय सांगायचं ते तू बघ.

आई


भाईंदर पश्चिम
शनिवार, २९ नोव्हेंबर

चि. इशिता,

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. अक्षर अजून तसंच, कोंबडीनं पाय घासल्यासारखं.

तर असं होतं. सेटवर आणलेला फोटो कुणा भलत्याच माणसाचा होता, त्याच्याकडे बघून तुला काही वाटेना, म्हणून तू पाकिटातला बाबांचा फोटो काढून दिलास. त्यांनी मोठा करून लावला. आणि हार? हार त्या दिग्दर्शकानं तुला न सांगता घातला, कॅमेरा चालू असताना तू पहिल्यांदा बघितलास, आणि जे केलंस तेच त्यानं ठेवलं. वर खूश होऊन म्हणाला, असं पुन्हा होणार नाही. त्या माणसाला आई आहे का? असेल तर तिचा पत्ता दे. तिलाही दोन ओळी लिहीन.

आणि तू! जिवंत बापाचा फोटो मेलेल्या माणसाच्या जागी देताना हात कसा धजला? हार घालणार हे तुला सुचलं नाही? भिंतीवर मेलेल्याचा फोटो आहे म्हटल्यावर काय घालणार होते, स्वेटर? एवढी शिकलेली मुलगी.

मी काल पुन्हा जाऊन आले. दुपारचा खेळ, स्वस्त असतो. एकटी गेले. या वेळी उठले नाही, खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. हार आला. तुझे खांदे वर गेले. मग तू धावलीस. माझ्या शेजारी कॉलेजातली पोरगी होती, ती मैत्रिणीला म्हणाली, “क्या एक्टिंग है यार.” मला तिला सांगायचं होतं. नाही सांगितलं.

फुलं पडल्यावर तू पंजाबीच्या ओढणीनं काच पुसलीस. ते कुणी शिकवलं नव्हतं ना?

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकलं. म्हणाले, “मी सांगितलं होतं.” बास. त्यांना बरोबर असण्याचाच आनंद जास्त.

बुधवारी वाट बघते. केस बांधून ये.

आई


भाईंदर पश्चिम
बुधवार, १७ डिसेंबर

चि. इशिता,

अनेक आशीर्वाद. हात रिकामा झाला तेव्हा लिहायला बसले. हे परवा घरी आले. घरी आल्यापासून मला बसू दिलेलं नाही. फोनवर बोलावं तर देवापुढे दिलेलं वचन यांनीच देवापुढे मोडायला हवं, आणि यांना अजून स्टुलावर बसवून आंघोळ घालतेय.

तू ऑपरेशन होऊन डॉक्टर बाहेर येईपर्यंत थांबलीस आणि मग शूटिंगला म्हणून विमानतळावर पळालीस. त्यामुळे तुला काही गोष्टी ठाऊक नाहीत. बुधवारचीही एक ठाऊक नाही, जरी तू समोर होतीस.

तू आलीस, तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. वॉचमननं तुला कुरिअरवाली समजून सोडलं. बाबा पाटावर बसले. तुम्ही दोघं एकमेकांकडे न बघता किती वेळ ताट आणि निरांजन मागेपुढे करत होतात, मला वाटलं आता मीच दोघांना ओवाळते. मग तू ताट घेतलंस आणि ते हलायला लागलं. सिनेमात त्या म्हाताऱ्याच्या कपाळावर पिस्तूल धरतेस तेव्हा हात दगडासारखा असतो. इथं तेलाची वात नीट धरवेना. सुपारी ताटात इकडून तिकडे धावत होती.

बाबा म्हणाले, “नीट धर. तेल सांडेल.”

चार वर्षांनी मुलीशी बोलले ते हे. मला तेव्हा इतका राग आला होता की काय सांगू. पण तू मान खाली घालून रडत होतीस, तुला यांचा चेहरा दिसला नाही. मला दिसला. हे तुझ्या हातांकडे बघत होते आणि त्यांची हनुवटी लहान मुलासारखी हलत होती. बोलायला वेगळंच काही काढलं असणार, बाहेर तेल आलं.

मग ओवाळणी. घरच्या लेंग्याला खिसा नाही. यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दामच उठले नाही. म्हटलं, काय करतात बघू. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि ताटात ठेवलं. “परत आल्यावर घेईन,” म्हणाले. तू ते तिथल्या तिथे हातात घातलंस, ढगळ होत होतं तरी. मी आत गेले, आणि सकाळी हॉस्पिटलच्या संमतीच्या कागदावर सही केली.

आता तू गेल्यानंतरचं. दुसऱ्या दिवशी यांना शुद्ध आली. तोंडात नळी, बोलता येईना. डाव्या मनगटावर उजव्या हाताचं बोट आपटत राहिले. सिस्टर म्हणाल्या, “हात दुखतोय आजोबांचा,” आणि सुई बघितली, पट्टी बदलली. हे अजून जोरात. मी काचेबाहेरून ओरडले, “अहो, घड्याळ तिच्याकडे आहे! शूटिंगला गेली!” सगळ्या आयसीयूनं माझ्याकडे बघितलं. यांनी बोट आपटायचं थांबवलं आणि डोळे मिटले.

वॉर्डात आल्यावर वेगळाच त्रास. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं तुझा सिनेमा बघितलेला. तो यांच्याकडे बघतो, पुन्हा बघतो, आणि बायकोला हळूच सांगतो. शेवटी धीर करून म्हणाला, “अंकल, बुरा मत मानना, आप वो फोटोवाले...” हे उशीला टेकून म्हणाले, “वोही. मेरी लडकी है हीरोइन.” मग अर्धा तास त्याला कोटाच्या खिशांची गोष्ट सांगितली. छातीला टाके, खोकायची चोरी, पण तोंड चालू.

तुझा सिनेमा आता एका ठिकाणी सकाळच्या खेळाला उरलाय, असं साक्षी म्हणाली. ती असंही म्हणाली की तू घड्याळ कुरिअरनं पाठवणार आहेस, तिथलं काम लांबलंय म्हणून. मी यांच्या कानावर घातलं.

“कुरिअरवाल्याकडून मी घेणार नाही,” म्हणाले. “ओवाळलं तिनं. तिनंच आणून द्यायचं.”

म्हटलं, “तिला वेळ नसेल तर?”

“मला घाई नाही.”

घाई नाही म्हणे. दर पंधरा मिनिटांनी मला हाक मारून किती वाजले विचारतात. भिंतीवर घड्याळ आहे, समोर, एवढं मोठं. ते दिसत नाही म्हणतात. डोळ्याचं ऑपरेशन झालंय की छातीचं? मी कणकेच्या हातानं येऊन वेळ सांगते, पुन्हा जाते, पुन्हा हाक.

लवकर ये गं. मी फार वैतागलेय.

तुझी
आई